वजनाची चर्चा, लांबीचा विसर: एका रायफलच्या बफर यंत्रणेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात घडले. रायफलीचे मालक मूळचे पश्चिम महाराष्ट्रातले, वयाने पस्तिशीच्या आसपासचे आणि ग्रीन कार्डधारक आहेत. त्यांचा उल्लेख येथे ‘क’ असा केला आहे. ग्रीन कार्डाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा परवाना वगैरे ठरावीक अपवाद सोडले तर, अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही आणि आपल्याकडच्या अनेकांना हे ठाऊक नसते. क शनिवारी एका क्लबच्या रेंजवर कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतात. प्रस्तुत लेखक त्याच क्लबचा सभासद आहे आणि व्यवसायाने यंत्र अभियंता आहे. क्लबशी संबंधित गनस्मिथचा, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा, उल्लेख ‘ग’ असा केला आहे.

क यांची रायफल एआर-१५ पद्धतीची, ५.५६ मिमी काडतुसाची, १६ इंची नळीची आणि मिड-लेंग्थ, म्हणजे मध्यम लांबीच्या, गॅस यंत्रणेची आहे. ती एका दुकानातून तयार घेतलेली नव्हती. वरचा अर्धा भाग, म्हणजे नळी आणि बोल्ट (काडतूस बसते ती जागा, म्हणजे चेंबर, मागून बंद करणारा भाग) यांसह अपर रिसीव्हर, त्यांनी नवा घेतला. खालचा भाग, म्हणजे ज्यावर अनुक्रमांक असतो आणि जो कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ मानला जातो तो लोअर रिसीव्हर, त्यांनी परवानाधारक विक्रेत्यामार्फत रीतसर नोंद करून जुना विकत घेतला. त्या लोअरला मागची बफर ट्यूब बसवलेली होती, पण तिच्यातला बफर (मागे येणाऱ्या भागांचा धक्का झेलणारा सरकता तुकडा) आणि स्प्रिंग आधीच्या मालकाने काढून ठेवले होते. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, हाही नव्हता. क यांनी बफर, स्प्रिंग आणि दस्ता एकत्र मिळणारा एक स्वस्त संच मागवला. संचाच्या खोक्यावर ‘कार्बाइन’ (आखूड रायफल) आणि ‘मिल-स्पेक’ (लष्करी मापदंडाचे) हे दोन शब्द ठळक छापलेले होते. बफर, स्प्रिंग, ट्यूब हे भाग तेथे कोणत्याही नोंदीशिवाय टपालाने घरी येतात. त्यामुळे ते कोण तपासतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘स्वतः ग्राहक’ असेच असते.

यंत्रणा कशी चालते

पुढचे सगळे या यंत्रणेच्या मापांवर अवलंबून असल्यामुळे ती आधी समजून घेणे आवश्यक आहे. या रायफलीत गोळी सुटल्यावर नळीतला थोडा वायू एका बारीक छिद्रातून मागे येतो आणि बोल्टला मागेपुढे नेणाऱ्या बोल्ट कॅरिअरच्या डोक्यावर दोन स्क्रूंनी बसवलेल्या ‘गॅस की’ नावाच्या छोट्या नळकांडीतून कॅरिअरमध्ये शिरतो. कॅरिअर मागे ढकलला जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि कॅरिअर आपल्यामागच्या बफरला घेऊन दस्त्याच्या पोटातल्या ट्यूबमध्ये शिरतो. बफरभोवतीची लांब स्प्रिंग दाबली जाते, बफरच्या शेपटाचे रबरी बूच ट्यूबच्या मागच्या भिंतीला टेकते आणि तेथून स्प्रिंग सगळ्यांना पुन्हा पुढे ढकलते. पुढे जाताना कॅरिअर मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये नेतो.

म्हणजे कॅरिअर किती मागे जाईल हे ठरवणारा घटक एकच: ट्यूबची आतली खोली वजा बफरची लांबी. कार्बाइन ट्यूब आतून सुमारे ७ इंच खोल असते आणि कार्बाइन बफर ३.२५ इंच लांब असतो, उरतात ३.७५ इंच. जुन्या, न सरकणाऱ्या दस्त्याची रायफल ट्यूब सुमारे ९.७ इंच खोल असते, तिचा बफर ५.९ इंचांचा असतो. उरतात जवळपास तेवढेच. मधल्या लांबीची, ‘ए५’ या नावाने ओळखली जाणारी ट्यूब सुमारे ७.७५ इंच खोल असते, तिचा बफर ४ इंचांचा असतो. वजाबाकी पुन्हा ३.७५. तिन्ही जोड्या आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण येते ती एका जोडीतली ट्यूब आणि दुसरीतला बफर एकत्र आल्यावर. ७.६२ मिमीच्या काही थोरल्या रायफलींसाठी केवळ २.५ इंची बफर मिळतो, तोही दिसायला अगदी तसाच असतो आणि चुकून ५.५६ च्या रायफलीत गेला तर तितकाच घोटाळा करतो. (भारतीय लष्कराने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला, त्या याच थोरल्या घराण्यातल्या; नागरिकाला मात्र भारतात असली अर्धस्वयंचलित रायफल परवान्यावर मिळत नाही.)

वजन हा वेगळा विषय. साधा कार्बाइन बफर ३ औंसांचा, म्हणजे ८५ ग्रॅमच्या आसपास असतो. त्याच्या पोटात पोलादाचे तीन सुटे ठोकळे असतात. त्यांतला एक, दोन किंवा तिन्ही ठोकळे टंगस्टनचे केले की वजन अनुक्रमे सुमारे ३.८, ४.६ आणि ५.४ औंस होते आणि त्यांना एच, एच२, एच३ म्हणतात. ठोकळे सुटे ठेवण्यामागे कारण आहे. कॅरिअर पुढे जाऊन आदळतो तेव्हा तो उलट उसळू पाहतो आणि नेमक्या त्या क्षणी मागून येणारे ठोकळे त्याला दाबून धरतात. हे शहाणपण महागात पडून आलेले आहे. १९६० च्या दशकात व्हिएतनामात एम१६ च्या काडतुसांतली दारू बदलून बॉल पावडर वापरली गेली, त्यामुळे गोळीबाराचा वेग वाढला, रायफली अडकू लागल्या, आणि त्यावरच्या उपायांपैकी एक म्हणजे जुना बफर बदलून असा सरकत्या वजनांचा नवा बफर देणे हा होता. अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये या सगळ्या प्रकरणाची झाडाझडती घेतली. तेव्हापासून बफर म्हटले की लोकांच्या डोक्यात आधी वजन येते. प्रस्तुत प्रकरण हाताबाहेर जायला हीच सवय कारणीभूत ठरली.

अडचण

सुरुवातीला रायफल चालत होती. तीन गोष्टी मात्र खटकत होत्या. एक म्हणजे धक्का वाजवीपेक्षा कडक वाटत होता आणि प्रत्येक गोळीबरोबर दस्त्यातून टणटणीत, धातूवर धातू आदळल्यासारखा आवाज येत होता. दुसरी म्हणजे अधूनमधून बोल्ट पूर्ण बंद होत नव्हता. शेवटचे काही मिलिमीटर अंतर राहायचे आणि फॉरवर्ड असिस्टची कळ तळहाताने दाबून तो बसवावा लागायचा. तिसरी गोष्ट अशी की दस्ता ट्यूबवर खुळखुळत होता. त्यावर क यांनी ट्यूबला कापडी टेप गुंडाळून तो घट्ट केला, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

रेंजवरच्या जाणत्या मंडळींनी एकमुखाने निदान केले: वायू जास्त येतो आहे, कॅरिअर फार वेगाने मागे येतो आहे, बफर जड करा. सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही, कारण या लक्षणांचे ते सर्वांत नेहमीचे कारण आहे. क यांनी एच२ असा शिक्का असलेला बफर ऑनलाइन मागवून बसवला. फरक शून्य पडला.

पुढच्या काही आठवड्यांत लक्षणे उलट दिशेला गेली. पुंगळ्या जोराने उडण्याऐवजी पायाशी पडू लागल्या, मॅगझिन रिकामे झाल्यावर बोल्ट मागे अडकून राहीनासा झाला, आणि कधी कधी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन बाहेर पडण्याच्या खिडकीतच अडकू लागली. आता तीच मंडळी म्हणू लागली की वायू कमी पडतो आहे, बफर हलका करा. क यांनी जुना हलका बफर परत बसवला आणि ते आणखी गोंधळले. त्यांनी लेखकाला फोनवर सांगितलेले वाक्य असे होते: “काका, आधी म्हणाले जास्त जोर आहे, आता म्हणतात जोरच नाही. एकाच रायफलीत दोन्ही कसं होईल?” प्रश्न अगदी योग्य होता.

पहिला निर्णय: गनस्मिथची चाचणी

क यांनी रायफल ग यांच्याकडे दिली. ग अनुभवी आहेत आणि त्यांची पद्धत नावाजलेली आहे: शंका असलेला भाग काढायचा, आपल्याकडचा खात्रीचा भाग घालायचा आणि फरक पाहायचा. त्यांनी स्वतःच्या रायफलीतला उत्तम दर्जाचा कार्बाइन बफर आणि स्प्रिंग क यांच्या रायफलीत घालून काही गोळ्या झाडल्या. बोल्ट पुढे जाऊन बसण्याची अडचण कमी झाली, पण कॅरिअर पूर्ण मागे न जाता होणारे अर्धवट चक्र तसेच राहिले. त्यावरून त्यांनी बफर आणि स्प्रिंग यांना निर्दोष ठरवले आणि संशय नळीवरच्या वायूच्या छिद्राकडे वळवला.

खात्रीच्या भागाने अदलाबदल करून पाहणे ही पद्धत भक्कम आहे, पण ती एका गृहीतावर उभी असते: ज्या भागाला आपण हात लावत नाही तो भाग त्याच मापाच्या कुटुंबातला आहे, असे ते गृहीत. येथे नेमका न बदललेला भागच परका होता. ग यांचा बफर कितीही चांगला असला तरी तो कार्बाइनचाच, म्हणजे ३.२५ इंचांचा होता. त्यामुळे जुळणीतली चूक जशीच्या तशी राहिली. शिवाय चाचणीत एक लक्षण सुधारले आणि एक नाही, या अर्धवट उत्तराकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. एकाच वेळी दोन दोष असतील तर अदलाबदल नेहमी असेच अर्धे उत्तर देते.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर क यांच्यापुढे चार मार्ग ठेवण्यात आले होते.

नळीवरचे वायूचे छिद्र किंचित मोठे करणे हा पहिला. ग यांचा कल तिकडे होता. काम थोड्या वेळाचे, पण एकदा मोठे केलेले छिद्र परत लहान करता येत नाही, आणि निदान चुकले असेल तर चांगली नळी कायमची बिघडते.

दुसरा मार्ग एका सभासदाने सुचवला: स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाका, म्हणजे कॅरिअरला मागे यायला सोपे जाईल. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे. स्प्रिंग आखूड केल्याने मागे येणे सोपे होते खरे, पण पुढे जाऊन चेंबर बंद करण्याची ताकदही त्याच प्रमाणात घटते. या रायफलीत तर तीच आधीपासून कमी पडत होती.

तिसरा मार्ग रायफल बाजूला ठेवून सगळे मागचे भाग एका खात्रीच्या संचाने बदलण्याचा, आणि चौथा, काहीही बदलण्याआधी सगळे मोजण्याचा. चौथ्याला खर्च नव्हता. लेखकाने आग्रह धरला तो एवढाच, की छिद्र मोठे करण्यापूर्वी एक संध्याकाळ मोजमापाला द्यावी आणि तोवर रायफल झाडू नये. क यांनी ते मान्य केले. ग यांनीही हरकत घेतली नाही, उलट स्वतःचे गेज दिले.

मोजमाप

मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामा तपासून रायफल दोन भागांत सोडवली. बफर आणि स्प्रिंग बाहेर काढले. ट्यूबची खोली मोजताना लक्षात आले की कामाच्या टेबलावरच्या दीडशे मिलिमीटरच्या व्हर्निअरची पट्टी तळापर्यंत पोहोचतच नाही. मग सुतारकामाची एक गोल लाकडी काठी आत टेकवली, ट्यूबच्या तोंडाशी पेन्सिलीने खूण केली आणि ती खूण पोलादी पट्टीवर मोजली. माप आले १९७ मिमी. कार्बाइन ट्यूबला ते १७८ च्या आसपास यायला हवे होते. म्हणजे ही ट्यूब ए५ लांबीची होती. तिच्या खालच्या कण्यावर दस्ता अडकवण्याची भोके मोजली तर सहाऐवजी सात निघाली; रायफल पहिल्या दिवसापासून हे उघडपणे सांगत होती, पण भोके कोणी मोजली नव्हती.

पुढचा हिशेब तोंडी होण्याजोगा होता. १९७ मधून बफरचे ८२.५ मिमी वजा केले की कॅरिअरची मोकळी धाव ११४.५ मिमी होते. हवी होती ९५.५. म्हणजे कॅरिअर सुमारे १९ मिमी जास्त मागे जाऊ शकत होता. प्रत्यक्षात तो तेवढा जात नव्हता, कारण बफरचे रबरी बूच भिंतीला टेकण्याआधीच कॅरिअरच्या डोक्यावरची गॅस की लोअर रिसीव्हरच्या मागच्या कड्यावर आदळत होती. ट्यूब ज्या कड्यात आट्यांनी बसते त्याच्या पुढच्या तोंडावर, वरच्या बाजूला, काळा मुलामा उडून चकचकीत ॲल्युमिनियमचा चंद्रकोरीएवढा खड्डा पडलेला होता. टणटणीत आवाज हाच. धक्का कडक वाटण्याचे कारणही हेच: रबराने थांबायचे ते धातूने थांबत होते.

दोन्ही उलटी लक्षणे एकाच रायफलीत कशी आली, त्याचे उत्तर गॅस कीला चिमटीत धरून हलवल्यावर मिळाले. ती हलत होती. इतके घाव खाऊन तिचे दोन्ही स्क्रू सैल झाले होते. स्क्रूच्या डोक्याशी धातू ठोकून त्यांना जखडण्याचे काम कारखान्यात अगदी नावापुरते झालेले होते. सैल कीखालून वायू निसटू लागला आणि कॅरिअरला पुरेसा रेटा मिळेनासा झाला. आधीचा ‘जास्त जोर’ हा वायूचा नव्हताच, आणि नंतरचा ‘कमी जोर’ हा त्याच आघाताचा परिणाम होता.

स्प्रिंगची कथा वेगळी होती. अमेरिकी लष्कराच्या दुरुस्ती पुस्तिकेत कार्बाइन स्प्रिंगची मोकळी लांबी १० १/१६ ते ११ १/४ इंच, म्हणजे साधारण २५५ ते २८६ मिमी असावी असे दिले आहे. संचातली स्प्रिंग २५१ भरली. फारशा गोळ्या झाडलेल्या नसताना ती बसली होती, म्हणजे तार तरी हलकी होती किंवा तिच्यावरची उष्णता-प्रक्रिया तरी नीट झालेली नव्हती. त्यात ट्यूब लांब असल्यामुळे ती बंद अवस्थेत कमी दाबली जात होती. ढोबळ हिशेबाने २७० मिमीची चांगली स्प्रिंग कार्बाइन ट्यूबमध्ये ९२ मिमी दाबलेली असते. ही स्प्रिंग या ट्यूबमध्ये जेमतेम ५४ मिमी दाबली जात होती. बोल्टला पुढे धरून ठेवणारी ताकद त्यामुळे चाळीस टक्क्यांनी घटली होती. ग यांच्या चांगल्या स्प्रिंगने बोल्ट बंद होण्यात सुधारणा का झाली, याचाही उलगडा येथे झाला.

आणि मग तो एच२ बफर. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो १३० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता, भरला ८६. शेपटाची आडवी पिन ठोकून काढली, बूच ओढले आणि पोटातले तीन ठोकळे टेबलावर उभे केले. तिन्ही ठोकळ्यांना फ्रिजवरचे चुंबक कडक चिकटले. टंगस्टनला चुंबक जवळपास ओढत नाही आणि तो पोलादाच्या दुपटीहून जास्त जड असतो, त्यामुळे यात वादाला जागा नव्हती: साध्या कार्बाइन बफरवर एच२ चा शिक्का मारून तो विकला गेला होता. ठोकळ्यांमध्ये रबरी चकतीही एकच होती. क यांचा संयम इथे सुटला, आणि तो सुटणे रास्त होते, कारण जड बफरचा प्रयोग करून पाहिला असे ते इतके दिवस समजत होते. तो प्रयोग मुळात झालाच नव्हता.

दस्त्याच्या खुळखुळण्याचे कारण सर्वांत साधे निघाले. सरकत्या दस्त्याच्या ट्यूब बाहेरून दोन व्यासांच्या असतात: लष्करी मापाची सुमारे १.१४८ इंच आणि तथाकथित कमर्शिअल मापाची सुमारे १.१६८ इंच. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. ही ट्यूब लष्करी व्यासाची, आणि संचातला दस्ता, खोक्यावर ‘मिल-स्पेक’ लिहिलेले असूनही, कमर्शिअल व्यासाचा होता. आत जाणारा बफर दोन्हींना तोच चालतो, त्यामुळे हा दोष धोक्याचा नव्हता, त्रासाचा होता. पण पाकिटावरचा शब्द आणि आतली वस्तू जुळत नाहीत, हा इशारा त्याने सर्वांत आधी दिला होता, आणि तो टेपखाली झाकला गेला.

या शब्दाबद्दल थोडे स्पष्ट लिहायला हवे. लष्करी रेखाचित्राप्रमाणे बनलेल्या ट्यूबचा धातू सहसा ७०७५-टी६ ॲल्युमिनियम असतो, आणि स्वस्त ट्यूब ६०६१ च्या असतात. लष्करी स्प्रिंगला लांबीची मर्यादा आहे, बफरच्या वजनांना नेमके साहित्य आहे. नागरी बाजारात मात्र ‘मिल-स्पेक’ हा शब्द कधी फक्त बाहेरचा व्यास सांगतो, कधी फक्त आकार सांगतो आणि कधी काहीच सांगत नाही. सरकारी निरीक्षक त्या खोक्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

दुसरा निर्णय: काय ठेवायचे, काय बदलायचे

छिद्र मोठे करण्याचा विषय तेथेच मिटला. आता प्रश्न उरला तो ट्यूबच्या लांबीचा. तीन मार्ग दिसत होते. ट्यूबच्या तळाशी पाऊण इंचाचा अडसर टाकून तिला आतून कार्बाइनएवढी करणे हा सर्वांत स्वस्त. ९ मिमीच्या तत्सम रायफलींमध्ये धाव कमी करण्यासाठी लोक क्वार्टरची (पंचवीस सेंटची) नाणीसुद्धा रचतात; नाण्याचा व्यास ट्यूबमध्ये जवळपास चपखल बसतो आणि १.७५ मिमीची अकरा नाणी म्हणजे सव्वाएकोणीस मिमी होतात. हिशेब बसतो, तरी सुटी नाणी हजारो आघात सोसणाऱ्या भागात ठेवणे लेखकाला पटत नव्हते. त्यापेक्षा एकसंध प्लास्टिकचा अडसर बरा, पण मग भाग चुकीचा ठेवून त्याला टेकू दिल्यासारखे झाले असते.

दुसरा मार्ग ट्यूबच बदलून कार्बाइनची घालणे. त्यासाठी ट्यूबला लोअरवर आवळून धरणारा कॅसल नट सोडवावा लागतो, आणि तो जखडलेला असतो. नवीन एंड प्लेट (नटाखालची पट्टी), पुन्हा जखडणे, हे सगळे ओघाने आले. तिसरा मार्ग असलेली ट्यूब ठेवून तिच्याच मापाचा ए५ बफर आणि त्यासोबत चालणारी रायफल लांबीची स्प्रिंग घेणे. ट्यूबची तपासणी केली होती: भिंत सरळ, आतला पृष्ठभाग गुळगुळीत, आटे स्वच्छ. खरे तर त्या सबंध मागच्या भागात तीच सर्वांत चांगली वस्तू होती. क यांनी तिसरा मार्ग निवडला.

अंमलबजावणी

सर्वांत आधी लोअर तपासला, कारण तो भंगला असता तर बाकी सगळे व्यर्थ होते. कारखान्यात जोडकाम तपासताना वापरतात तेच तांबडे डाय पेनेट्रंट कड्यावर लावले, पुसले, वर पांढरा डेव्हलपर फवारला आणि वाट पाहिली. खड्ड्याची कड उमटली, पण तिथून निघालेली एकही लाल रेघ दिसली नाही. तडा नव्हता.

ग यांनी गॅस की काढली. तिचा तळ आणि कॅरिअरवरची बैठक स्वच्छ करून नवे स्क्रू टॉर्क पान्याने घट्ट केले आणि दोन्ही बाजूंनी धातू ठोकून पक्के जखडले. ए५ बफर आल्यावर आधी काट्यावर गेला आणि मगच ट्यूबमध्ये. स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तिकेतल्या रायफल स्प्रिंगच्या ११ ३/४ ते १३ १/२ इंचांच्या मर्यादेत बसते हे पाहिले. दस्ता लष्करी व्यासाचा घेतला. टेप निघाली.

रेंजवर जाण्यापूर्वी लोअरच्या कड्यावरच्या त्या खड्ड्यावर निळ्या मार्करने शाई फासली. आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून बोल्ट मागे अडकतो का ते पाहिले, मग दोन, मग पूर्ण मॅगझिन. परत सोडवून पाहिले तेव्हा शाई जशीच्या तशी होती.

निष्पत्ती

टणटणीत आवाज थांबला. पितळी पुंगळीच्या नेहमीच्या काडतुसांवर रायफल व्यवस्थित चालते, पुंगळ्या उजवीकडे किंचित मागे पडतात, रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट मागे अडकून राहतो. पोलादी पुंगळीच्या काही स्वस्त, हलक्या काडतुसांवर मात्र बोल्ट अधूनमधून मागे अडकून राहत नाही. ए५ बफर साध्या कार्बाइन बफरपेक्षा जड आहे आणि दुबळ्या काडतुसाला तो थोडा भारी पडतो. क यांनी बफर हलका न करता ती काडतुसेच बंद केली. खोट्या शिक्क्याच्या बफरचे पैसे विक्रेत्याने छायाचित्रे पाहून मुकाट्याने परत केले.

वेगळे काय करता आले असते

क यांनी जुना लोअर घेताना आधीच्या मालकाला एक प्रश्न विचारला असता, की यात कोणता बफर होता, तर पुढचे बरेचसे टळले असते. विक्रेता मध्ये असल्याने तो प्रश्न राहून गेला. धातूचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हाच झाडणे थांबवायला हवे होते. बोल्ट पूर्ण बंद न होता तो कळीने ढकलून बसवणे आणि पुढे चालू राहणे ही सवय तर त्याहून घातक आहे, कारण बोल्ट का बसत नाही हे माहीत नसताना त्याला जबरदस्तीने बसवणे म्हणजे अडकलेली पुंगळी किंवा चेंबरमधला अडथळाही तसाच दाबून टाकण्याचा धोका पत्करणे आहे.

रेंजवरच्या मंडळींनी लक्षणे ऐकून वजन बदलायला सांगितले. त्यांच्यापैकी कोणीही रायफल उघडून पाहिली नाही, आणि पाहिली असती तर खड्डा दिसला असता. ग यांच्या चाचणीविषयी वर लिहिले आहे. त्यांनी आता आपल्या दुकानात काठीवर १७८, १९७ आणि २४६ मिमीच्या तीन खुणा करून ती टेबलाशी ठेवली आहे आणि मागचा भाग उघडला की आधी ती आत जाते.

ट्यूब ठेवण्याच्या निर्णयाविषयी मात्र मतभेद कायम आहेत. ग यांचे म्हणणे असे की कार्बाइन ट्यूब घातली असती तर तिचे बफर आणि स्प्रिंग कोणत्याही दुकानात मिळाले असते. ए५ चे भाग थोडेच जण बनवतात, ते महाग असतात आणि उद्या क यांनी हा लोअर विकला तर पुढचा ग्राहक पुन्हा कार्बाइनचा संचच मागवील. लेखकाला वाटते की बिघडलेली बाजू सोडून चांगली ट्यूब काढणे तेव्हा योग्य नव्हते आणि मिड-लेंग्थ गॅसशी ए५ चे वजन चांगले जुळते. ग यांचा शेवटचा मुद्दा खोडून काढता आलेला नाही. त्यावर क यांनी ट्यूबच्या तोंडाशी, बफर काढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, तिचे माप आणि ‘ए५’ ही अक्षरे खोदणीच्या सुईने कोरून ठेवली आहेत, आणि ग अजूनही म्हणतात की अक्षरे वाचायला आधी कोणी आत डोकावायला हवे.